दोघे भाऊ मैदानावर आले नाहीत

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या पोरांनी सेलूला जाऊन कबड्डीचे तालुक्याचे सामने जिंकले. वालूरसारख्या गावात ही काही लहान बातमी नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून, गुलालाने माखलेली पोरे वेशीपर्यंत आली. कोणी हलगी आणली, कोणी नारळ फोडला. एरवी शाळेकडे ढुंकूनही न पाहणारी चार प्रतिष्ठित माणसे ढालीशेजारी उभी राहून फोटो काढून गेली.

तिसऱ्या दिवशी, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी, संघातला सर्वांत चांगला चढाई करणारा मुलगा माझ्या टेबलाशी आला. हातात शाळेने दिलेली जर्सी होती. धुऊन, नीट घडी घातलेली. ती त्याने हजेरीपटावर ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, मी नाही खेळत आता."

"का रे?" म्हणून विचारले, तर खाली मान घालून उभा राहिला. जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर तोच विषय. एक म्हणाले, घरी शेतात काम असेल. दुसरे म्हणाले, डोक्यात हवा गेली. तिसऱ्यांनी अभ्यासाचे कारण काढले. त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाशी त्यांची ओळख नसावी.

हरणाऱ्या संघातून कोणी गेला तर त्याचे कोडे पडत नाही. जिंकणाऱ्या संघातून, तोही ज्याच्या जिवावर जिंकले तोच निघून गेला, म्हणजे आपण चक्रावतो. ज्याला सर्व काही मिळाले त्याला आणखी काय हवे, असे आपण विचारतो. 'सर्व काही' म्हणजे काय, हे मात्र ज्याचे त्याला विचारीत नाही.

त्या रात्री मला पालवणकर बंधूंची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत दोन सख्ख्या भावांनी अशीच घडी घालून जर्सी परत केली होती. मी इतिहासाचा पंडित नव्हे, खेड्यातला मास्तर. परंतु ही हकीकत मी पुष्कळ वर्षे मनात वागवीत आलो आहे. ती वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या काळी मुंबईचे क्रिकेट जातवार आणि धर्मवार वाटलेले होते. आधी गोरे आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाली. पुढे १९३७ साली पंचरंगी झाली, आणि १९४६ साली ही सर्व परंपराच संपली. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हे सामने होत आणि अवघी मुंबई तिकडे लोटे. ज्या संघावर 'हिंदू' असे नाव होते, त्यात हिंदूंपैकी कोण येतात आणि कोण येत नाहीत, हा प्रश्न त्या नावातच दडलेला होता. तो वर काढला पालवणकरांच्या घराने.

घर मूळचे कोकणातल्या पालवणीचे, जातीने चांभार. वडील पलटणीशी संबंधित नोकरीत. थोरला बाळू १८७६ साली धारवाडला जन्मला आणि पुण्यात वाढला. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर ओढण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच: चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची. मग कधी कोणा साहेबाला सरावाला गोलंदाज हवा झाला, त्याने या पोराच्या हाती चेंडू दिला. पोरगा डाव्या हाताने असा चेंडू वळवी की साहेबाची बॅट हवेतच फिरे. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज साहेब तिथे होता. तो आपल्याला बाद केल्याबद्दल बाळूला दर खेपेला आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर चार रुपयांच्या पगारापेक्षा ग्रेगसाहेबाच्या बळींवरच बाळूचे घर चालले असेल! साहेबांनी त्याला चेंडू टाकायला तासन् तास दिला, बॅट मात्र कधी हाती दिली नाही. ती साहेबलोकांची वस्तू.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला साहेबांशी सामना जिंकायचा होता आणि साहेबांना सर्वांत जास्त सतावणारा माणूस साहेबांचाच झाडूवाला होता. घ्यावे की न घ्यावे, यावर खल झाला. शेवटी घेतले. चेंडू सगळ्यांनीच हाताळायचा, त्यामुळे मैदानावर विटाळ कोणाला आठवला नाही. चहाच्या वेळी तो आठवला. मंडळी मंडपात कपबशीतून चहा घेत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवायलाही वेगळी जागा.

मी कादंबऱ्या लिहितो. त्या मातीच्या पेल्यावर मला एक प्रकरण सहज लिहिता येईल. पण बाळूच्या मनात तेव्हा काय चालले होते हे त्याने कुठे लिहून ठेवल्याचे मला ठाऊक नाही, आणि त्याच्या तोंडी माझी वाक्ये घालण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की पेला फेकून तो पुन्हा मैदानात जाई आणि गडी बाद करी. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला तेव्हा त्याने सात बळी घेतले. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या वेळी मंडळींना विचारले म्हणतात, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत कसली? हळूहळू पंगतीतले अंतर कमी झाले.

पुढे प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून आणि रेल्वेच्या संघाकडून खेळू लागला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या धामधुमीचे ते दिवस. त्यामुळे त्या विजयाचा अर्थ नुसता धावांत मोजला गेला नाही. त्या विजयात बाळूची गोलंदाजी आणि शिवराम या त्याच्या धाकट्या भावाचा खेळ हे मोठे हत्यार होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला हिंदी संघ विलायतेला गेला. तिथल्या थंडीपावसात, दुखऱ्या खांद्याने, पस्तिशीच्या बाळूने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्यात भीमराव आंबेडकर नावाच्या वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा पुढाकार होता असे सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. गुणी माणूस खालून वर आला, जगाने त्याला मानले. इथे थांबले तर शाळेच्या पुस्तकात घालता येईल असा धडा तयार होतो. पण ती इथे थांबली नाही, कारण बाळूला कप्तान करण्याची वेळ आली.

बाळू संघातला सर्वांत जुना, सर्वांत अनुभवी खेळाडू. त्या काळच्या रीतीप्रमाणे कप्तानपद ज्येष्ठाकडे जायचे. तरीही दरसाल दुसरेच नाव निघे. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै स्वतः म्हणाले होते की हा मान बाळूचा आहे, तो माझ्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी आहे. पै ब्राह्मण होते. त्यांचे हे बोलणे मला फार मोलाचे वाटते, कारण ज्याला मिळाले त्यानेच 'हे माझे नव्हे' असे म्हणणे दुर्मिळ. पण निवड करणाऱ्या मंडळाला त्याचे मोल वाटले नाही.

मला वाटते, यात एक खोच आहे. गोलंदाजाने राबायचे असते. उन्हात धावत यावे, घाम गाळावा, पुन्हा मागे जावे. अस्पृश्याने राबण्याला आमच्या समाजाने कधीच हरकत घेतली नाही. कप्तानाने हुकूम सोडायचा असतो. तू इकडे उभा राहा, तू तिकडे जा, तुझी गोलंदाजी पुरे. दहा सवर्ण गडी एका चांभाराच्या बोटाच्या इशाऱ्यावर मैदानभर हलताहेत आणि वीस हजार माणसे ते पाहताहेत, हे चित्र मंडळाला डोळ्यांपुढे आणवत नव्हते. चहाचा पेला एक वेळ बदलता येतो.

अशी सात वर्षे गेली. १९१९ ची चौरंगी हिंदूंनी जिंकली, आणि १९२० साल उजाडले. ते साल साधे नव्हते. ३१ जानेवारीला आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. तिला शाहू महाराज जातीने आले आणि तुमचा पुढारी तुम्हाला सापडला आहे असे सांगून गेले. गांधींचे असहकाराचे वारे देशभर सुटले होते. जिथे अन्याय तिथून अंग काढून घ्यायचे, ही कल्पना घरोघर पोचली होती. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला, आणि त्याच हंगामात मुंबईत चौरंगीचे सामने होते.

हिंदूंचा पहिला सामना मुसलमानांशी. ठरलेले कप्तान पै त्या सामन्याला उपलब्ध नव्हते. मग कप्तान कोण? मंडळाने पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांचे नाव जाहीर केले. आणि बाळूला संघातूनच वगळले.

देवधरांविषयी एक शब्द. ते थोर खेळाडू. १९२६ साली त्यांनी एम. सी. सी. विरुद्ध काढलेले शतक आणि पुढे महाराष्ट्राला मिळवून दिलेले दोन रणजी करंडक कोण विसरेल? शंभरी गाठून १९९३ साली ते वारले. या प्रकरणात त्यांचा दोष मला दिसत नाही. पण १९२० साली ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि अनुभवाने बाळू आणि शिवराम यांच्या मागे.

कोणी म्हणेल, बाळू चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. वय झालेल्या खेळाडूला वगळले तर बिघडले काय? हा आक्षेप मला मान्य आहे. खेळात वय कोणाला सोडीत नाही. पण मग बाळूनंतर अनुभवाने कोण, असे विचारले की उत्तर पुन्हा त्याच घरात सापडते. शिवराम चौदा वर्षांपूर्वीच्या त्या विजयापासून संघात. धाकटा विठ्ठल तेव्हा हिंदूंच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. मंडळाने थोरल्याला वयाच्या नावाखाली बाजूला केले, आणि त्याच हिशोबाने पुढचा मान ज्यांच्याकडे जायला हवा त्यांनाही ओलांडले. दोन्ही गोष्टी एका दिवशी केल्यामुळे दोन्हींचा अर्थ उघडा पडला.

शिवराम आणि विठ्ठल यांनी आपली नावे मागे घेतली. नुसते घरी बसले नाहीत. वर्तमानपत्रात पत्रक काढून सांगितले की आम्ही खेळणार नाही, आणि का खेळणार नाही. खेळातली योग्यता बाजूला सारून जातीवरून आमच्या डोक्यावर माणसे बसवली जात आहेत, असा त्याचा रोख होता.

मी पुष्कळ दिवस या गोष्टीपाशी अडून राहतो. पालवणकरांनी याहून वाईट सोसले नव्हते का? मातीच्या पेल्यातला चहा सोसला. वेगळे पान सोसले. तेव्हा कोणी संघ सोडला नाही. मग कप्तानपदासारख्या, खरे पाहता मानाच्या गोष्टीसाठी १९२० साली का?

मला सापडलेले उत्तर असे. मंडपातला अपमान मंडपात राहत होता. मैदानात पाऊल टाकले की तिथे दुसरा कायदा चाले. चेंडू टाकणाऱ्याची जात यष्टीला कळत नाही. त्रिफळा उडाला की गडी बाद, मग तो कोणी असो. बाळूने आणि त्याच्या भावांनी पंचवीस वर्षे त्या एका जागेच्या भरवशावर बाकीचे सगळे सोसले. १९२० साली मंडळाने त्या जागेतच हात घातला. आता धावफलकसुद्धा मंडपाच्या नियमाने लिहिला जाणार होता. ज्या आसऱ्यासाठी राहायचे, तोच उरला नाही तर राहायचे कशासाठी?

दुसरीही एक गोष्ट आहे. हरणाऱ्या संघातून बाहेर पडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. हा गतवर्षीचा विजेता संघ होता. त्यातून दोन खंदे गडी गेले तर मुंबईला दखल घेणे भाग होते. स्वतःला लागले तेव्हा दोघांनी सोसले. थोरल्या भावाला लागले तेव्हा उठले. आपल्याकडे भाऊबंदकीच्या कथांना तोटा नाही. ही एक उलटी कथाही जपून ठेवण्यासारखी आहे.

देवधरांच्या नेतृत्वाखाली हिंदू मुसलमानांचा अडथळा पार करून अंतिम सामन्यात पोचले. म्हणजे पालवणकरांवाचून संघ अडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरी अंतिम सामना पारशांशी होता आणि लोकांत चर्चा पेटली होती. मंडळ नमले. पै कप्तान म्हणून परतले, बाळूला संघात घेऊन उपकप्तान नेमले, आणि दोघे भाऊ परत आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचा कारभार बाळूच्या हाती आला. पै कशासाठी बाहेर गेले हे ज्याने त्याने ओळखावे. १९१३ साली ते काय बोलले होते ते वर आलेच आहे. सामना अनिर्णित राहिला आणि हिंदू-पारशांना अजिंक्यपद वाटून मिळाले. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधला बाळूचा हा शेवटचा सामना. तेहतीस सामने, १७९ बळी, बळीमागे जेमतेम पंधरा धावा.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि गोऱ्यांना हरवून चौरंगी जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठलाने पुढे १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिले, 'माझे क्रीडा-जीवन'. थोरल्याला न मिळालेले धाकट्याला मिळाले ते त्या नाव मागे घेण्यामुळेच, असे मी छातीठोक सांगत नाही. पण त्या आधी कित्येक वर्षे नुसत्या वाट पाहण्याने ते मिळाले नव्हते, हे तर दिसतेच.

बाळूची पुढची वाट निराळी गेली. तो राजकारणात आला. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३५ साली येवल्याला आंबेडकरांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. आयुष्यभर 'हिंदू' नावाच्या संघातून खेळलेल्या बाळूला ते पटले नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्याला आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. एकेकाळी ज्याच्या सत्कारासाठी धडपड केली, त्यालाच हरवून आंबेडकर विधिमंडळात गेले. संघात राहून संघ सुधारता येतो, असे बाळूने मानले. या संघात राहण्यात अर्थ नाही, या निर्णयाला आंबेडकर पोचले. बाळू १९५५ साली वारला. पुढच्याच वर्षी नागपूरला धर्मांतर झाले. यात कोण बरोबर, हे दिवाळी अंकाच्या पानावर निकालात काढण्याची माझी छाती नाही. पण दोघेही एकाच मैदानावरून चालत आले होते, हे विसरू नये.

आता आमच्या मुलाकडे येतो. वाचकांनी ओळखले असेलच, की मी इतका वेळ शंभर वर्षे मागे जाऊन बसलो ते उगीच नव्हे. सेलूला संघ नेताना अर्जावर कप्तानाचे नाव मीच लिहिले होते. ते या मुलाचे नव्हते. कोणाला कोपऱ्यात धरायचे, बोनस कधी सोडायचा, हे सगळे दोन वर्षे तोच ठरवीत होता, आणि मी ते रोज पाहत होतो. नाव मात्र ज्याच्या वडिलांनी जर्सीचे पैसे दिले त्याचे लिहिले. ढाल घ्यायला तोच पुढे गेला. कोणता मुलगा कोणत्या आळीतला, हे मी इथे लिहीत नाही. गावात ते सांगावे लागत नाही.

संध्याकाळी तो मला बारवेजवळ भेटला. आमच्या वालुरात जुन्या बारवा पुष्कळ आहेत. त्यातल्या एकीच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केल्यापासून लांबलांबून लोक बघायला येतात. तिच्या वरच्या पायरीवर बसून मी त्याला ही सारी हकीकत सांगितली. त्याने निमूट ऐकली. मग विचारले,

"बाळू किती वेळ कप्तान होता, गुरुजी?"

"काही षटकं असेल."

"मग वहीत नाव कुणाचं लिहिलं?"

"पैंचं."

तो काही बोलला नाही. जिल्ह्याच्या सामन्यांचा अर्ज माझ्या खिशात होता. मी तो काढून त्याच्यापुढे धरला. कप्तानाची ओळ कोरी ठेवली होती. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला परत दिला.

"तुम्हीच लिहा," तो म्हणाला. "माझ्यासमोर लिहा."

मांडीवर कागद ठेवून मी लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने जर्सी नेली. जर्सीचे पैसे देणाऱ्या गृहस्थांनी त्यानंतर माझ्याशी बोलणे टाकले आहे. आणि परभणीला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो.